चुका मुलांच्या, रकाने सरकारचे : कृती संशोधनाचा विसरलेला इतिहास

सालेकसा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेल्या पावसाळ्यात एका गुरुजींनी मला त्यांची कृती संशोधनाची फाइल दाखवली. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण ती फाइल त्या एका शाळेची नाहीच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही केंद्रात जा, कपाटातून अशीच फाइल निघेल. शीर्षक होते, ‘इयत्ता तिसरीतील विद्यार्थ्यांच्या मराठी बोलण्यातील व लेखनातील चुकांचा शोध व उपाययोजना’. मग गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. शेवटी स्तंभालेख. पूर्वचाचणीचा खांब बुटका, उत्तरचाचणीचा उंच.

मी विचारले, ‘‘सर, या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात?’’

‘‘काहींच्या घरी गोंडी, काहींच्या छत्तीसगढी, काही हिंदी मिसळून बोलतात. आपली झाडीबोली तर आहेच.’’

‘‘मग हे फाइलमध्ये कुठे आहे?’’

गुरुजी हसले. ‘‘ताई, नमुन्यात तसा रकाना नाही.’’

हा लेख त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. गुरुजींवर राग काढण्यासाठी तो लिहिलेला नाही. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग, त्यात मतदार यादी, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती आणि खिचडीचा हिशेब. अशा माणसाने वर्षाला एक फाइल पूर्ण केली यातच त्याची निम्मी शक्ती गेलेली असते. पण ज्या पद्धतीच्या नावाने ही फाइल भरली जाते, ती पद्धत मुळात मुलांच्या चुका मोजण्यासाठी निघालेली नव्हती. ती कुणाच्या दुःखातून निघाली हे डी.एड., बी.एड.ला शिकलेल्या आपल्या तरुणांनाही बहुधा सांगितले गेलेले नाही. तिथे व्याख्या पाठ करून घेतात. ‘शिक्षकाने स्वतःच्या कामातील अडचण शास्त्रीय पद्धतीने सोडवणे म्हणजे कृती संशोधन.’ दोन गुण मिळाले, विषय संपला.

‘कृती संशोधन’ ही कल्पना रुजवणाऱ्यांत पहिले नाव येते कर्ट लेविन यांचे. जर्मनीतले ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले. त्यांची आई नाझींच्या हातून मारली गेली. १९४६ मध्ये त्यांनी जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचा विषयच कृती संशोधन आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न असा होता. वंशभेद, ज्यूद्वेष, माणसामाणसांत घातलेल्या भिंती यांच्यावर नुसती पुस्तके लिहून भागणार नाही. ज्या ठिकाणी भेदभाव चालतो तिथेच पाहणी करायची, तिथेच बदल करून बघायचा, परिणाम तपासायचा आणि पुन्हा पाऊल टाकायचे, अशी त्यांची मांडणी होती. त्यातला एक मुद्दा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. ज्यांना आपण अल्पसंख्याकांचे प्रश्न म्हणतो ते खरे तर बहुसंख्याकांचे प्रश्न आहेत. काळ्यांचा प्रश्न हा गोऱ्यांचा प्रश्न आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर अस्पृश्यता हा रोग ज्याला दूर बसवले त्याचा नाही, ज्याने बसवले त्याचा आहे. मग तपासणीही त्याचीच व्हायला हवी. योगायोग असा की, त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य मांडले होते.

लेविन १९४७ मध्ये गेले. शाळांच्या जगात ही पद्धत नेली ती स्टीफन कोरी यांनी. न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. १९५३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाने शिक्षकाला संशोधक मानले. विद्यापीठातल्या तज्ज्ञाने निष्कर्ष काढायचे आणि शिक्षकाने ते निमूट अमलात आणायचे, ही उतरंड त्यांना मान्य नव्हती. कोलंबिया म्हटले की आपले कान टवकारतात. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकले. १८९६ मध्ये शिकागोत स्वतःची प्रयोगशील शाळा काढणारे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते, आणि ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. मात्र यावरून ‘कृती संशोधनाचे जनक बाबासाहेब’ असा संदेश तयार करून फिरवू नका. असले दावे आपण व्हॉट्सॲपवर पुष्कळ फिरवतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. अनुभवाने तपासल्याशिवाय कुठलीही रूढी मान्य करायची नाही, हे ड्यूईंच्या वर्गात शिकवले जात होते, आणि कालामांना तथागतांनी सांगितलेलेही यापेक्षा फार वेगळे नाही.

भारतात ही पद्धत १९५० च्या दशकात प्रशिक्षण महाविद्यालयांतल्या विस्तार सेवा विभागांमार्फत आली. १९६१ मध्ये एनसीईआरटी झाली, १९६४ मध्ये पुण्यात राज्य शिक्षण संस्था झाली, तीच पुढे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद बनली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट आल्या. या प्रवासात पद्धतीचा सांगाडा सहीसलामत पोचला आणि प्रश्न वाटेत गळून पडला. लेविन विचारत होते की भेदभाव कोण करतो, कसा करतो आणि तो थांबवायला काय करून पाहावे. आपल्या फाइलमध्ये उरले ते एवढेच की मुलाला काय येत नाही. आरोपी बदलला. जात उतरंडीच्या देशात आलेल्या प्रत्येक चांगल्या हत्याराचे असेच होते, हे आपल्याला नवे नाही.

पण हा प्रश्न फक्त अमेरिकेतून आला असेही नाही. तो आपल्याकडे आधीपासून होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी शाळेचा पाया तपासला तो शिक्षकापासून. खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि ते शेतकरी वर्गातून यावेत. मुलांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे, वेळ आली तर नांगराला हात लावायची लाज न वाटणारे हवेत, असे त्यांनी सांगितले. सोवळ्यात राहून दूर उभा राहणारा शिक्षक या मुलांना शिकवू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो ग्रंथांतून आलेला नव्हता. १८४८ पासून सावित्रीबाईंसह स्वतः शाळा चालवून, अंगावर शेण झेलून तो आलेला होता. ‘बहुजनांची मुले शिकत का नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मुलांच्या डोक्यात शोधले नाही.

आणि त्या शाळांचा निकाल कसा मोजायचा? मला वाटते, तो मुक्ता साळवेच्या निबंधाने मोजावा. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने लिहिला. आपण जयंतीला त्याचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. जरा थांबून शिक्षकाच्या नजरेने बघा. एखादी मुलगी स्वतःच्या समाजाचे दुःख, स्वतःच्या शब्दांत, धर्मालाच जाब विचारत लिहिते, तेव्हा त्या वर्गात आधी काय घडलेले असेल? तिला कुणीतरी ‘तुझ्या घरी काय चालते’ हे विचारलेले असणार, आणि ती जे बोलली ते ‘चूक’ म्हणून खोडलेले नसणार. आजच्या आपल्या किती वर्गांत असा निबंध लिहिला जाईल? ‘माझा आवडता पक्षी : मोर’ मात्र सगळीकडे लिहिला जातो, सारख्याच दहा ओळींत.

विदर्भातही हा धागा आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी स्टेशनवर ओझी वाहायच्या. मिशनच्या एका बाईंच्या मदतीने शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शिकवणारी बाई महार आहे हे कळताच पालकांनी गहजब केला आणि त्यांची नोकरी गेली. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा उभारली. आमच्या गोंदियात कालीचरण नंदागवळी यांनी मुलींच्या शाळेसाठी खटपट केली. या माणसांनी ‘संशोधन’ हा शब्द वापरला नाही. त्यांच्यासमोर प्रयोग स्वतःच्या जिवावरचा होता. एका शाळेने बाहेर काढले, मग कोणत्या प्रकारची शाळा काढली तर मुलगी टिकेल?

बाबासाहेबांनी हाच प्रश्न आकड्यांत बांधला. १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सांगितले की प्राथमिक शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. प्राथमिक शाळेत पाऊल ठेवलेले मूल साक्षर होऊनच, आणि आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा निकष होता. त्यांनी ८२ मुलांच्या चुकांची यादी केली नाही. त्यांनी सरकारला जाब विचारला. पुढे १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली, तिच्यावर ते सदस्य होते. दलित आणि आदिवासी यांच्या शिक्षणाचा प्रश्न एकाच टेबलावर ठेवणारी ही समिती आज दोन्ही समाजांतले कार्यकर्ते विसरले आहेत. आपल्या मोर्च्यांत आणि त्यांच्या मोर्च्यांत जे अंतर पडले आहे, ते बघून मला ती वारंवार आठवते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आदिवासी मुलांसोबत राहून, पाहून, चुकून, दुरुस्त करून शाळा बदलण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत चिकाटीचे काम आपल्या चळवळीने केले नाही. ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी आली. वारली मुले गुरांमागे जातात तर शिक्षकाने कुरणात जावे, यातून कुरणशाळा आली. मूल येत नाही याचे कारण मुलात न शोधता शाळेच्या वेळेत आणि जागेत शोधले, हे त्यांच्या कामाचे मर्म आहे. त्यांच्या दृष्टीत सुधारकी पालकत्व होते, जात आणि जमीन यांवर त्या फारशा बोलल्या नाहीत, ही टीका मी स्वतः केली आहे आणि आजही करीन. पण कुरणापर्यंत चालत गेल्या त्या होत्या. आपण ठराव करत होतो.

अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. परत येऊन बहुतेकांनी काय केले? फरशीवर रंगीत चौकोन काढले. कुमठ्याच्या शिक्षकांनी स्वतःला विचारलेले प्रश्न कुणी बांधून आणले नाहीत, तक्ते आणले. साताऱ्याच्या वर्गाला पडलेला प्रश्न सालेकशाच्या वर्गाचा असेलच असे नाही, हे कुणी म्हटले नाही.

सालेकशाचा प्रश्न कोणता? त्या फाइलकडे परत येतो.

गुरुजींनी नोंदवलेल्या चुकांत वारंवार येणारी एक चूक लिंगाची होती. मुले ‘तो पुस्तक’, ‘ती झाड’ म्हणतात. पूर्वचाचणीत हे ‘दोष’ म्हणून मोजले होते. आता गोंडी भाषा बघा. ती द्रविड कुळातली आहे. मराठीत तीन लिंगे, गोंडीत मुख्यतः दोन गट, पुरुष आणि पुरुषेतर. बाई, गाय, झाड, दगड हे सगळे एका गटात. छत्तीसगढीत तर क्रियापद आणि विशेषण लिंगाप्रमाणे फारसे बदलतच नाही. म्हणजे गोंडी घरातले मूल आणि छत्तीसगढी घरातले मूल एकाच वाक्यात अडखळत असेल, तरी दोघांची वाट वेगळी आहे. ती दोघे निर्बुद्ध नाहीत, दोघे आपापल्या भाषेचा नियम काटेकोर पाळत आहेत. दुसरी चूक ‘ळ’ आणि ‘ण’ची. ‘डोळा’ऐवजी ‘डोरा’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’. ही तर शुद्ध झाडीबोली आहे. भंडारा-गोंदियाच्या या बोलीचा अभ्यास करण्यात डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचले, तिची साहित्य संमेलने भरतात, आणि तिसरीच्या वर्गात तिच्यावर लाल पेनाने गोल पडतो.

समजा गुरुजींनी चुका मुलांच्या नावापुढे न मांडता घरच्या भाषेपुढे मांडल्या असत्या, तर एका दुपारी हा नियम त्यांच्या डोळ्यांसमोर आला असता. उपायही वेगळा निघाला असता. ‘ते पुस्तक’ पन्नास वेळा लिहून घेण्याऐवजी ‘तुमच्या घरी याला काय म्हणता’ असे विचारून दोन्ही भाषा फळ्यावर शेजारी मांडता आल्या असत्या. मूल तेव्हा चुकणारे राहत नाही, माहिती देणारे होते. वर्गात त्याची जागा बदलते.

तसेच हजेरीचे. धानाच्या रोवणीला पट रिकामा होतो, मोहफुले पडू लागली की पहाटे मुले रानात असतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. हे दरवर्षी, ठरलेल्या दिवसांत घडते. शाळेच्या नोंदीत मात्र कारण लिहिलेले असते, ‘पालकांची उदासीनता’. कुरणशाळेला पाऊणशे वर्षे होत आली आणि आपण अजून उदासीनता लिहितो.

आणि जे प्रश्न कुणीच मोजत नाही ते वेगळेच. वर्गात शिक्षक दिवसभरात कुणाकुणाला प्रश्न विचारतो? पहिल्या ओळीत कोण बसते? झाडू कुणाच्या हातात दिला जातो, पाण्याची कळशी कुणाच्या? परिपाठात कुणाची गाणी म्हटली जातात? एक वही, एक पेन आणि पंधरा दिवस पुरतात. कुठलाही निधी लागत नाही. लेविन, फुले, बाबासाहेब या तिघांनाही कृती संशोधन म्हणून हेच ओळखीचे वाटले असते.

यावर आपल्याच तरुणांचा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. ‘‘आमच्या पोरांना इंग्रजी शिकू द्या. बोलीभाषेचे कौतुक करून तुम्ही त्यांना जंगलातच ठेवणार. वरच्यांची मुले कॉन्व्हेंटात आणि आमची गोंडीत?’’ इंग्रजीचे महत्त्व सावित्रीबाईंनी सांगितले, बाबासाहेबांनी जगून दाखवले. म्हणून मीही म्हणते, इंग्रजी हवीच, प्रमाण मराठीही हवीच. पण तिसरीतले जे मूल तोंड उघडताच खोडले जाते, ते इंग्रजीपर्यंत पोचतच नाही. ते त्या ८२ मध्ये जाते. घरची भाषा हा मुक्कामाचा पत्ता नाही, निघायचे ठिकाण आहे. विनयपिटकात कथा आहे की दोन ब्राह्मण कुळातल्या भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची मुभा दिली. त्या शब्दांचा अर्थ कुणाची भाषा, बुद्धाची की शिकणाऱ्याची, यावर अट्ठकथाकार बुद्धघोषांपासून वाद आहे. मला शिकणाऱ्याची हा अर्थ पटतो, कारण नाहीतर ब्राह्मणी भाषेला नकार देण्यात अर्थच उरत नाही.

कायदाही हेच म्हणतो. संविधानाचे कलम ३५० (क) आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तितके मातृभाषेतून शिकवायला आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवायला सांगते. पण शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची गोटूल शाळा सुरू केली, तेव्हा प्रशासनाने तिला मान्यता नसल्याची नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. त्याच सरकारने २०१७ च्या डिसेंबरात कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला होता. लोक शाळा काढतात तेव्हा ती बेकायदा, सरकार शाळा मिटवते तेव्हा ती गुणवत्ता.

आमच्या तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला लाखो कोयतूर तिथे येतात. गोंडी पुनेमच्या परंपरेत सांगतात की त्या गुहेत मुले कोंडलेली होती आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढून शिकवले. लिंगो आधी शिक्षक आहे आणि गोटूल ही त्याची शाळा. आपण बौद्ध लोक तिथे पाहुणे म्हणून जातो, स्टॉल लावतो, पुस्तके विकतो. कधी तिथल्या पालकांना विचारले आहे का, की तुमच्या मुलाच्या वहीत लाल गोल कशावर आहेत?

गेल्या महिन्यात ते गुरुजी पुन्हा भेटले. नव्या वर्षाची फाइल त्यांनी सुरू केली आहे. नमुना तोच आहे, वरून आलेला, त्यात बदल करायची परवानगी नाही. पण चुकांच्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलने तीन उभ्या रेघा मारल्या होत्या. गोंडी, छत्तीसगढी, झाडी. खाली मुलांनी सांगितलेले शब्द, मुलांच्याच अक्षरात. ‘‘तपासणीला साहेब पुढची बाजू बघतात,’’ ते म्हणाले. ‘‘मागची आम्ही वर्गात वापरतो.’’